मागे विहीर होती

१

मालकाच्या पुतण्याचा फायदा मोजायचा झाला, तर तो भरत होता दहा फूट बाय बारा फूट. उत्तरेला एक खिडकी, भिंतीत दोन खुंट्या, दाराला आतून कडी. एवढी एक खोली रिकामी झाली की सगळं दगडी घर रिकामं होत होतं, आणि गिऱ्हाइकाला घर रिकामंच हवं होतं. "माणसांसकट घर घ्यायला मला काय दत्तक जायचंय?" असं तो म्हणाला होता.

त्या खोलीत शिवणवाल्या मावशी राहत होत्या. बत्तीस वर्षं. सह्या शुक्रवारी व्हायच्या होत्या, आणि आज मंगळवार होता.

हे सगळं मोजणीबाईंना कळलं ते कोट घट्ट करून घ्यायला गेल्या म्हणून. मोजणी खात्यातून त्या निवृत्त झाल्या त्याला तीन वर्षं झाली होती. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या जमिनी साखळीने मोजल्या होत्या आणि उरलेल्या वेळात माणसं नजरेने.

"बारीक झालात, बाई," मावशी ओठांत टाचण्या धरून म्हणाल्या.

"कोट जाड झाला असेल."

"हात वर करा. वहीतलं माझं पान गेलं."

बाईंचे हात वर गेले ते तिथेच राहिले. "कुठल्या वहीतलं?"

"घराच्या. या घराला वही आहे. जो मालक होतो तो तिच्यात लिहितो. काय बांधलं, काय पाडलं, कोणाला काय शब्द दिला. बेकरीवाल्यांनी औषधवाल्या दादांना घर विकलं तेव्हा लिहून ठेवलं होतं, की मागची खोली शिवणवालीची, तिच्या हयातीपर्यंत. खाली त्यांची सही, शेजारी दादांची. खरेदीखतातही ओळ आहे, 'वहीतल्या शर्तींसह'. काल दादांच्या पुतण्याने गिऱ्हाइकाला दाखवायला वही काढली, तर शर्तच नाही."

"पान फाडलंय?"

"तेच तर!" मावशींनी टाचण्या हातावर काढल्या. "पान आहे. बेकरीवाल्यांच्याच अक्षरात आहे. सही आहे, तारीख आहे. फक्त मी नाही."

औषधवाले दादा चार महिन्यांपूर्वी गेले होते. बेकरीवाला त्याच्या कितीतरी आधी. शब्द देणारे दोघेही सही ओळखायला उरले नव्हते.

"आणि तुम्ही काय करणार?" बाईंनी विचारलं.

"मी? मी जात नाही. भिंतीला शिवून घेईन स्वतःला, पण जात नाही."

मोजणीबाईंनी हात खाली घेतले. साखळी एकदा जमिनीवर पडली की मोजणी पुरी झाल्याशिवाय उचलायची नाही, हा त्यांचा खात्यातला नियम होता. त्यापायी दोन बदल्या आणि एक कुत्रा त्यांच्या पदरी पडला होता.

"कोट राहू दे," त्या म्हणाल्या. "वही दाखवा."

२

वही मधल्या खोलीत भिंतीतल्या कपाटात असायची. कपाटाला कुलूप होतं, आणि किल्ली शेजारच्याच खिळ्याला. अशा कुलुपाचा उपयोग फक्त चोराला दमवायला होतो.

दादांच्या पत्नीने वही काढून दिली. त्यांना सगळे वहिनी म्हणत. उंच, शांत बाई, पदर कधी ढळला नाही आणि आवाज कधी चढला नाही. "मावशींचं काही वाईट व्हावं असं मला वाटत नाही हो," त्या म्हणाल्या. "पण लिहिलेलंच नाही, त्याला मी तरी काय करू? हे मला वही वाचून दाखवायचे. खोलीचं काही ऐकल्यासारखं वाटतं, पण खात्रीने कसं सांगू?"

त्या चहा टाकायला आत गेल्या. स्वयंपाकघर अगदी मागे, अंगणाला लागून होतं. त्याच्या पलीकडे मावशींची खोली.

बाईंनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. घर बांधलं ते एका खाणवाल्याने. त्याचं अक्षर सुरुंग लावून उडवल्यासारखं होतं. दगड त्याच्याच खाणीतला. 'तीस फुटांवर पाणी लागले. स्वयंपाकघरातून विहिरीवर जाण्यास सगळ्या घराला वळसा पडतो म्हणून बायको रोज भांडते. घर फिरवता येत नाही व विहीरही.' बाईंना हसू आलं. त्यानंतरचे मालक मास्तर. त्यांनी अकरा पानं लिहिली होती. त्यांतली नऊ घराला शिस्त नाही याबद्दल होती. मग बेकरीवाला. त्याची अक्षरं पावासारखी गोल, सुटी सुटी, एकाला एक न चिकटणारी. आणि शेवटी दादा, मोजक्या ओळी, औषधाच्या चिठ्ठीसारख्या.

बेकरीवाल्याच्या पहिल्या पानावर बाईंनी ओळी मोजल्या. बावीस. पुढच्या पानावरही बावीस. वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर नीट उडी मारत होतं: धुराडं नवं केलं, 'आणि छपराची कौले बदलली.' काहीच खटकण्यासारखं नव्हतं. फक्त हा माणूस बाकी सगळीकडे शब्द पिठासारखे जपून वापरायचा. इथे मात्र एका विहिरीवर चार ओळी घातल्या होत्या: 'मागे विहीर होती. ती पाठीमागच्या अंगणात कुंपणालगत असून मोडकळीस आलेली होती. मुलाबाळांस धोका नको म्हणून ती दगडमातीने पूर्ण भरून बुजवून टाकली व ती जागा तशीच मोकळी ठेवली.'

"काय मॅडम, पैमाइश चाललीय का?" दारातून आवाज आला. पुतण्या. दादांच्या मागे अर्ध्या घराचा मालक. खिशात चार पेनं आणि डोक्यात एकच विचार. "वेळ घालवू नका. पान नकली आहे हे मलाही दिसतंय. बघा, शिवलंय!"

त्याने वही उघडून धरली. खरंच, ते एकच पान मधल्या घडीत दोऱ्याने बसवलं होतं. वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानांतलं एक कमी होतं.

"आता या घरात सुई कोण धरतं?" पुतण्या म्हणाला. "काकू की मावशी?"

"म्हणजे मावशींनी स्वतःचीच शर्त काढून टाकली?" बाई म्हणाल्या. "चोर स्वतःच्या घरात शिरतो, स्वतःचीच भांडी पळवतो आणि वर स्वतःच बोंब मारतो. हुशार चोर आहे."

तेवढ्यात मागून मावशी आल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पान डोळ्यांपाशी नेलं. बराच वेळ त्या टाक्यांकडे बघत राहिल्या. मग एका टोकाला हलका झटका दिला.

दोरा सरसर सुटला. पान त्यांच्या हातात आलं.

३

"पुरावा मोडला!" पुतण्या ओरडला.

"पुरावा हाच आहे," मावशी म्हणाल्या. "शिवणाऱ्याची गाठ सुटत नाही. सुटली तर आम्ही उपाशी मरू. ही सुटायची गाठ आहे, पुडीची. औषधाच्या दुकानात पुडीला मारतात ना, ओढली की घट्ट आणि टोक खेचलं की मोकळी? ती."

बाईंनी पुतण्याच्या पायांकडे पाहिलं. त्याच्या बुटांनाही नाडी नव्हती. दुकानात तो कधी बसला नव्हता. औषधांच्या वासाने त्याचं डोकं दुखायचं, आणि कामाच्या वासाने जास्त. म्हणजे उरली दुकानाशी संबंध असलेली माणसं, आणि हयात ती दोनच होती: कंपाउंडर आणि वहिनी.

बुधवारी सकाळी बाई दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. कंपाउंडर दादांच्या हाताखाली सव्वीस वर्षं होता. बुटका, चपळ, बोलताना पुड्या बांधणारा आणि पुड्या बांधताना बोलणारा.

"घर विकलं गेलं तर तुमचा काय फायदा?" बाईंनी सरळ विचारलं.

"वहिनी दुकान माझ्या नावावर करणार म्हणाल्यात." त्याची बोटं थांबली. "तुम्हाला वाटतं मी? मॅडम, माझं अक्षर बघा." त्याने चिठ्ठी पुढे केली. कोंबडीने शाईत पाय बुडवून नाच केला असता तर तिला जास्त गुण मिळाले असते.

"मग बाटल्यांवर इतकी वर्षं कोण लिहीत होतं?"

"वहिनीच. घरी बसून लिहायच्या. कुठल्याही डॉक्टरचं अक्षर लावायच्या त्या. दादा म्हणायचे, हिच्यामुळे निम्मं गाव वाचलं. आणि थट्टा म्हणून डॉक्टरांचीच अक्षरं अश्शी काढून दाखवायच्या..." तो बोलता बोलता गप्प झाला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच असावं.

बाईंनी विषय बदलला. "त्या घरात विहीर होती म्हणे?"

"होती ना. सामानाची पेटी आणून टेकवली की आवाज येतो, धप्प नाही, ढुंम्म. दादा हसायचे." तो स्वतःही हसला आणि मग का कोण जाणे, चटकन काउंटर पुसायला लागला.

"काय झालं?"

"काही नाही. घरातली थट्टा आहे, मॅडम. मी कशाला सांगू?"

दुपारी बाई घराच्या पुढच्या व्हरांड्यात बसल्या. काठाच्या एका दगडावर बोटभर खोल चार खाचा होत्या, एकाशेजारी एक, गुळगुळीत. मावशी तिथे उन्हात बसून रिळं लावत तेव्हा रिळं घरंगळू नयेत म्हणून त्याच खाचांत ठेवत. बाईंनी एका खाचेत बोट फिरवलं. दगडाला अशी खाच टाकीने पडत नाही.

मग त्या मागच्या अंगणात गेल्या. कपडे वाळत होते, वाफे होते, वाफ्यांत भाजी होती. फक्त कुंपणाजवळच्या एका कोपऱ्यात काहीच नव्हतं. लहान दगडांचं गोल कडं, आणि आत नुसती माती.

"तिथे जाऊ नका हं!" वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. तीस वर्षांत त्यांचा आवाज चढला असेल तर तो एवढाच. "जमीन पोकळ आहे. माझी मुलगी रांगायला लागली तेव्हा मी स्वतः दगड लावले."

"तुम्ही कधी गेलात का आत?"

"मी? जीव गेला तरी नाही."

बाईंनी मान डोलावली. सगळ्या दगडांवर वरून शेवाळ होतं. एकावर मात्र वर ओली माती चिकटलेली होती, आणि शेवाळ जमिनीकडे गेलेलं.

४

गुरुवारी सकाळी मोजणीबाईंनी सगळ्यांना मधल्या खोलीत बोलावलं. पुतण्या घड्याळाकडे बघत होता, कंपाउंडर जमिनीकडे. मावशी बोटात शिवणाचं टोपण घालून आल्या होत्या, लढाईला निघाल्यासारख्या. वहिनींनी सगळ्यांना चहा दिला.

"मला एकच माप घ्यायचंय," बाई म्हणाल्या. "या घराची जुनी विहीर जिथे होती, तिथे प्रत्येकाने जाऊन उभं राहायचं. दुसऱ्याकडे न बघता. मी शंभरपर्यंत मोजते."

"पोरखेळ!" पुतण्या म्हणाला, पण उठला.

बाईंनी शंभर मोजले, एकही आकडा न गाळता. मग त्या पुढच्या व्हरांड्यात गेल्या. मधल्या मोठ्या फरशीवर तिघं दाटीवाटीने उभे होते: मावशी, कंपाउंडर आणि पुतण्या.

चौथं माणूस तिथे नव्हतं.

पुतण्याला हसू फुटलं. "काकू मागे गेल्या असतील. अजूनही त्यांना..."

"गप्प!" मावशी म्हणाल्या.

घराच्या दुसऱ्या टोकाला, दगडांच्या कड्याबाहेर एक पाऊल सोडून, वहिनी एकट्या उभ्या होत्या. व्हरांड्यातून मधल्या दारांतून त्या दिसत होत्या, तसबिरीत बसवल्यासारख्या. इतरांना यायला उशीर का होतोय म्हणून त्यांनी वळून पाहिलं. सगळे कुठे उभे आहेत ते त्यांना दिसलं.

बाई घरातून चालत त्यांच्यापाशी गेल्या. बाकीचे मागोमाग आले.

"वहिनी, बेकरीवाल्याने लिहिलं असणार, 'मागे विहीर होती, ती बुजवली.' एवढंच. मागे म्हणजे पूर्वी. पण दादांनी ते वाचलं, तुम्ही ऐकलंत, आणि तुम्हाला वाटलं मागे म्हणजे पाठीमागे. शर्तीच्या चार ओळी काढल्यावर पान लहान झालं. बाकी पानांसारखं ते भरलेलं दिसायला बावीस ओळी होणं भाग होतं. म्हणून तुम्ही विहीर फुगवलीत, आणि तुम्हाला जिथे वाटत होती तिथे नेऊन ठेवलीत."

"विहीर इथेच आहे," वहिनी म्हणाल्या.

"खाणवाल्याच्या बायकोला स्वयंपाकघरातून पाण्याला जायला सगळ्या घराला वळसा पडायचा. इथे असती तर ती दारातून दहा पावलं होती. व्हरांड्याच्या काठाला दोराने घासलेल्या खाचा आहेत. विहिरीच्या तोंडाचा दगड आहे तो. तरी पटत नसेल तर फरशी उचलू."

सगळे व्हरांड्यात परत आले आणि पुतण्याने व कंपाउंडरने पहार घातली. फरशी उठली. खाली काजळीने काळ्या झालेल्या विटा होत्या, भट्टीच्या, नीट रचलेल्या, आणि त्यांच्या फटींतून गार हवा वर आली. पानावर लिहिलेल्या दगडमातीचा तिथे मागमूसही नव्हता. बेकरीवाल्याने आपली जुनी भट्टी आपल्या हाताने विहिरीत पुरली होती. ती कुठे पुरली हे तो विसरणं शक्य नव्हतं.

वहिनी त्या विटांकडे बघत राहिल्या. पकडले गेल्याचं त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. दुसरंच काहीतरी होतं.

"तुला माहीत होतं?" त्यांनी पुतण्याला विचारलं.

"काका म्हणायचे, सांगू नकोस, गंमत आहे."

"तुम्हाला?"

कंपाउंडरने मान खाली घातली.

"मावशी?"

मावशी पहिल्यांदाच अडखळल्या. "मी आले तेव्हा विहीर बुजवायचं काम चालू होतं, वहिनी. पुढे दादा म्हणाले, बोलू नका. मला वाटलं नवराबायकोची थट्टा, आपण कशाला..."

"तीस वर्षं," वहिनी म्हणाल्या. "मी पोरीला तिथे रांगू दिलं नाही. कपड्यांची दोरी तिरकी बांधली. एक काकडीसुद्धा लावली नाही. हे खिडकीतून बघून हसायचे. मी समजायचे, माझ्या भित्रेपणाला हसतात."

"ती वही कधी माझ्या हातात दिली नाही. हे गेल्यावर मीच काढली. वाटलं, माझं काहीतरी असेल. खाणवाल्याची बायको भांडते म्हणून का होईना, आहे. मास्तरांची गाय आहे. मावशी आहेत, चार ओळी. मी नाही. दुकानातल्या प्रत्येक बाटलीवर माझं अक्षर, आणि घराच्या वहीत माझं नाव एकदासुद्धा नाही. म्हटलं, ज्या घराने मला मोजलंच नाही ते विकून मोकळी होते. मावशी अडकल्या होत्या मध्ये."

"पान जाळलंत?" मावशींनी विचारलं.

"काडी ओढली होती. खाली यांची सही होती." त्यांनी पदर चेहऱ्यावरून फिरवला. "नाही जाळवलं."

मोजणीबाई सगळ्यांना घेऊन मागच्या अंगणात परतल्या आणि दगडांच्या कड्यापाशी वाकल्या. मातीची बाजू वर असलेला दगड त्यांनी उचलला. "या घरात जिथे कोणी पाय ठेवणार नाही, अशी एकच जागा वहिनींना माहीत होती. कड्याच्या बाहेरून हात लांब केला असेल."

खाली औषधाची पुडी होती, मेणकागदाची. तिला तीच गाठ. मावशींनी टोक ओढलं.

५

पुतण्या पोलिसांचं नाव काढत होता, कारण शुक्रवार हातचा गेला की माणसाला न्याय आठवतो. मावशींनी त्याला बसवलं.

"चोरी वहीतून झाली, फेड वहीतच व्हायची," त्या म्हणाल्या. त्यांनी सुईत दोरा ओवला, खरं पान जागेवर ठेवलं आणि सहा टाके घातले. शेवटची गाठ दातांनी तोडली. "ओढा आता कोणीही." मग वही वहिनींपुढे सरकवली. "लिहा. काय केलंत ते. सगळं. आणि आम्ही काय केलं तेही."

वहिनींनी बराच वेळ पेन नुसतं धरलं. अक्षर कोणाचं काढावं, हा प्रश्न त्यांना पडला असावा. आयुष्यभर दुसऱ्यांचीच अक्षरं लावली होती. मग त्यांनी लिहिलं, थोडं तिरपं, थोडं मोठं, कोणाहीसारखं नसलेलं. अकरा ओळी झाल्या. खाली सही केली, पूर्ण नावाची, आणि सहीपुढे लिहिलं: 'अर्ध्या घराची मालक.'

ते शेवटचे तीन शब्द त्यांनी दोनदा वाचले.

"शुक्रवारी मी येत नाही," त्या पुतण्याला म्हणाल्या. "ज्या घरात आत्ता नाव लिहिलं तिथून लगेच निघायचं म्हणजे काय?"

"अहो काकू, पण गिऱ्हाईक..."

"त्याला म्हणावं, दत्तक जा."

तेव्हा हिशेब असा झाला. पुतण्याला दहा बाय बाराची खोली हवी होती, त्यापायी त्याचं अर्धं घर अडकलं, आणि फरशी परत बसवताना अंगठ्याचं नखही गेलं. कंपाउंडरला दुकान मिळायचं ते लांबलं. सव्वीस वर्षं हसण्याची किंमत म्हणून ते फार नाही, असं तो स्वतःच म्हणाला. मावशींना खोली मिळाली, पण दुसऱ्या दिवसापासून त्या रिळं व्हरांड्यातल्या खाचांत ठेवेनात. बसायच्या मागच्या अंगणात, वहिनींच्या शेजारी, आणि बोलायच्या कमी. दादा गेलेले. त्यांच्याकडून वसूल काही होणार नव्हतं, आणि खरं तर सगळ्यांत जास्त बाकी त्यांच्याच नावावर होती. वहिनींनी अकरा ओळी भरल्या, स्वतःच्या अक्षरात, आणि त्या पुसायची सोय नाही.

मोजणीबाई कोट न्यायला आल्या तेव्हा दगडांचं कडं निघालेलं होतं. कोपऱ्यात माती उकरलेली होती आणि वहिनी त्यात अनवाणी उभ्या होत्या, मधोमध. एक पाय उचलून त्यांनी जोरात आपटला.

धप्प.

"भरीव आहे," त्या म्हणाल्या, आणि काकडीचं बी मागितलं.

शिलाई तेवढी मोजणीबाईंनी दिली.